अपवादाने नियम सिद्ध होतो काय?

वादविवाद रंगात आला म्हणजे एक वाक्य हमखास कानी पडते. कोणी तरी एखादा सिद्धांत ठासून मांडतो. दुसरा त्याच्या विरुद्ध जाणारे एक धडधडीत उदाहरण पुढे ठेवतो. त्यावर पहिले गृहस्थ यत्किंचितही न डगमगता उत्तर देतात, "अहो, तो अपवाद झाला! आणि अपवादानेच नियम सिद्ध होतो, नाही का?" एवढे बोलून ते विजयी मुद्रेने सभोवार पाहतात. ऐकणारे माना डोलावतात. उदाहरण देणारा बिचारा गप्प बसतो, कारण त्याने उगारलेले शस्त्र प्रतिपक्षाच्याच भात्यात जाऊन पडलेले असते.

आम्हीही हे वाक्य पुष्कळदा ऐकले आहे आणि, कबूल केलेच पाहिजे, प्रसंगी वापरलेही आहे. परंतु थोडे थांबून विचार करू लागले की ते मनाला खटकते. समजा, कोणी म्हणाले, 'या गावच्या सगळ्या विहिरींचे पाणी गोड आहे', आणि एक विहीर खारी निघाली. आता या खाऱ्या विहिरीने बाकीच्या विहिरींचा गोडवा सिद्ध कसा होणार? बरे, एका खाऱ्या विहिरीने नियम सिद्ध होत असेल, तर दहा खाऱ्या विहिरींनी तो दहापट सिद्ध व्हावयास हवा. आणि गावातल्या झाडून सगळ्या विहिरी खाऱ्या निघाल्या म्हणजे नियम अगदीच पक्का झाला असे म्हणावे लागेल! हे तर उघड उघड हास्यास्पद आहे. मग शहाणीसुरती माणसे हे वाक्य शेकडो वर्षे बोलत आली, ती काय उगीच? की त्याचा मूळचा अर्थच काही निराळा होता?

या प्रश्नाचा उलगडा व्हावयाचा तर म्हणीचे मूळ गाव गाठले पाहिजे. ही म्हण मराठी मातीतली नव्हे. 'द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल' या इंग्रजी म्हणीचे ते शब्दास शब्द ठेवून केलेले भाषांतर आहे. पण इंग्रजांचीही ती स्वतःची नव्हे. सतराव्या शतकात इंग्लंडमधील कायदेपंडित आणि धर्मशास्त्री एक लॅटिन वचन वापरू लागले होते. ते असे: 'एक्सेप्शिओ प्रोबात रेगुलाम इन कासिबुस नॉन एक्सेप्तिस'. याचा अर्थ, 'जी प्रकरणे वगळलेली नाहीत त्यांच्यापुरता, अपवाद हा नियम सिद्ध करतो.' वाचकांच्या लक्षात येईल की, मूळ वचनाला एक शेपूट होते. 'जी प्रकरणे वगळलेली नाहीत त्यांच्यापुरता' हे ते शेपूट. वचन कोर्टातून बाजारात आले, तेव्हा वाटेत हे शेपूट गळून पडले. आणि घोटाळ्यास प्रारंभ झाला तो तेथूनच.

या वचनामागील युक्तिवाद मात्र त्याहून पुष्कळच जुना आहे. तो पाहण्यासाठी आपणांस इसवी सनापूर्वी 56 या वर्षी रोमच्या न्यायासनासमोर जावे लागेल. लुसिअस कॉर्नेलिअस बाल्बस नावाचा एक मनुष्य आरोपी म्हणून उभा होता. हा मूळचा स्पेनच्या किनाऱ्यावरील गादेस नगरीचा. आज त्या नगरीला काडिझ म्हणतात. स्पेनमधील युद्धात त्याने रोमनांना मोठे साहाय्य केले आणि त्याबद्दल सेनापती पाँपे याने इसवी सनापूर्वी 72 मध्ये त्याला रोमचे नागरिकत्व बहाल केले. पुढे तो ज्युलिअस सीझरचा विश्वासू माणूस बनला. अर्थातच त्याला शत्रूही झाले. त्यांनी आक्षेप काढला की, गादेस हे रोमशी तहाने बांधलेले नगर; त्या नगराच्या संमतीवाचून तेथील माणसाला नागरिक करून घेण्याचा पाँपेला अधिकारच नव्हता.

बाल्बसच्या बाजूने स्वतः पाँपे बोलला, क्रासस बोलला आणि अखेरीस उभा राहिला सिसेरो. त्याच्या भाषणातील अनेक मुद्द्यांपैकी एक आपल्या विषयाचा आहे. त्याचा आशय असा: रोमने काही जमातींशी जे तह केले आहेत, त्यांत 'यांच्यापैकी कोणालाही आम्ही नागरिक करून घेणार नाही' असे कलम मुद्दाम घातलेले आहे. हे कलम तेथे का घालावे लागले? ते नसते तर अशा लोकांना नागरिक करून घेता आले असते, म्हणूनच ना? मग ज्या तहात हे कलम नाही, तेथे नागरिकत्व देण्यास मोकळीक आहे, हे उघडच झाले. गादेसशी झालेल्या तहात असे कलम नव्हते. बाल्बस निर्दोष सुटला. इतकेच नव्हे, तर इसवी सनापूर्वी 40 मध्ये तो रोमचा कॉन्सल झाला. इटलीबाहेर जन्मून त्या पदावर चढलेला तो पहिला मनुष्य होय.

आता म्हणीचा खरा अर्थ आपोआप उघडा पडतो. येथे 'अपवाद' म्हणजे नियमाला छेद देणारी, कोठून तरी अवचित उपटलेली घटना नव्हे. अपवाद म्हणजे नियम करणाऱ्यानेच, जाणूनबुजून, शब्दांनी वगळलेली बाब. आणि 'सिद्ध करतो' म्हणजे त्या वगळण्यावरून न लिहिलेला नियम तेथे आहे असे अनुमान निघते. वाचनालयाच्या दारावर 'रविवारी बंद' अशी पाटी असते. 'सोमवार ते शनिवार उघडे' असे त्या पाटीवर कोठेही लिहिलेले नसते. तरी आपण मंगळवारी निःशंकपणे पुस्तक बदलावयास जातो. रविवार वगळला, त्यावरूनच उरलेल्या सहा दिवसांचा नियम सिद्ध झाला. इंग्रजी भाषेचा चिकित्सक फाउलर याने 1926 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशात ही म्हण समजावताना लष्करी बराकीचा दाखला घेतला आहे. 'आज रात्री 11 वाजेपर्यंत बाहेर राहण्याची खास परवानगी आहे' असा हुकूम निघाला, तर एरवी शिपायांना त्याआधी परतावे लागते, हे निराळे सांगावे लागत नाही. हा म्हणीचा अस्सल आणि निर्मळ अर्थ.

ही विचारपद्धती परकी आहे, असे मात्र कोणी समजू नये. आपल्याकडील मीमांसकांनी तिचा विचार फार सूक्ष्मपणे केला आणि तिला 'परिसंख्या' असे नाव दिले. पाच नखे असलेल्या प्राण्यांपैकी अमुक पाचच खाण्यास योग्य, असे एक शास्त्रवचन आहे. ते मांस खाण्याची आज्ञा करीत नाही. त्या पाचांखेरीज इतर पंचनखी प्राणी खाऊ नयेत, एवढेच त्यातून निष्पन्न होते. पतंजलीनेही महाभाष्यात हा दाखला घेतला आहे. वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडात तर बाण लागून पडलेला वाली हाच मुद्दा रामापुढे मांडतो. त्या पाच प्राण्यांची नावे घेऊन तो विचारतो की, मी पंचनखी असलो तरी त्या पाचांत नाही, माझे मांस कोणी खात नाही, मग मला मारलेस ते कशासाठी? मरणोन्मुख वालीचा युक्तिवाद आणि सिसेरोचा युक्तिवाद, दोन्ही एकाच साच्यातले आहेत.

व्याकरणाचे उदाहरण तर शाळेत संधी शिकलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. इ या स्वरापुढे दुसरा स्वर आला की त्या इचा य होतो, हा सामान्य नियम. म्हणून इति आणि आदि मिळून 'इत्यादि'. परंतु पुढे सजातीय स्वर आला तर दोहोंबद्दल एक दीर्घ स्वर येतो, हा त्याचा अपवाद. म्हणून रवि आणि इंद्र मिळून 'रवींद्र'. पाणिनीच्या परंपरेत सामान्य नियमाला 'उत्सर्ग' म्हणतात. अपवादाने आपले क्षेत्र आखून घेतले की उरलेल्या सगळ्या क्षेत्रात उत्सर्गाचे राज्य चालते. लॅटिन वचनाचे जे शेपूट गळून पडले, ते आमच्या वैयाकरणांनी असे जपून ठेवले आहे.

अर्थात हा युक्तिवादही जपूनच वापरावयाचा असतो. अमेरिकेची राज्यघटना तयार झाली, तेव्हा नागरिकांच्या हक्कांची यादी तीत असावी की नसावी, यावर मोठा वाद झाला. हॅमिल्टनने 1788 मध्ये अशा यादीस विरोध केला. त्याच्या म्हणण्याचा रोख असा की, सरकारला जे अधिकार दिलेलेच नाहीत, त्यांना अपवाद कशाला लिहावयाचे? लिहिले, तर ते अधिकार सरकारला होते असा अर्थ कोणी तरी काढील. भीती अगदी पोकळ नव्हती. शेवटी हक्कांची यादी 1791 मध्ये घटनेत आली; परंतु तिच्याबरोबर नववी दुरुस्तीही आली. काही हक्क येथे सांगितले आहेत, एवढ्यावरून जनतेजवळचे इतर हक्क नाकारले आहेत असे मानू नये, असा तिचा भावार्थ आहे. म्हणजे आपल्या म्हणीचा दरवाजा त्या लोकांनी मुद्दाम कडी घालून बंद केला. वगळणे किंवा नावे घेऊन सांगणे यावरून अनुमान निघते ते लिहिणाऱ्याचा तसा हेतू असेल तरच, हा त्यातला धडा होय.

येथवर सारे सुरळीत आहे. परंतु एक दुसरे स्पष्टीकरण पुष्कळांच्या तोंडी असते, त्याचाही परामर्श घेतला पाहिजे. ते असे की, इंग्रजी 'प्रूव्ह' या शब्दाचा जुना अर्थ 'पारखणे, कसोटीस लावणे' असा होता. म्हणून म्हणीचा अर्थ 'अपवाद नियमाची परीक्षा घेतो' असा करावा. अमेरिकन लेखक अँब्रोझ बिअर्स यानेही आपल्या उपहासात्मक शब्दकोशात असाच अर्थ सांगितला आहे. शब्दाविषयी ही मंडळी सांगतात ते खोटे नाही. पुडिंगची पारख खाण्यात आहे, या दुसऱ्या इंग्रजी म्हणीत तोच अर्थ आहे. 1611 साली निघालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात पारख करण्याच्या अर्थी हेच क्रियापद आलेले आहे. फार कशाला, छापखान्यातून येणारे 'प्रूफ' आपण वाचतो ते काही सिद्ध झाले म्हणून नव्हे. चुका तपासावयाच्या असतात म्हणून. परंतु शब्दाचा असा अर्थ होता, एवढ्यावरून या म्हणीत तोच आहे असे ठरत नाही. मूळ लॅटिन वचनाचे शेपूट परत जोडून पाहावे. 'जी प्रकरणे वगळलेली नाहीत त्यांच्यापुरता अपवाद नियमाची परीक्षा घेतो', या वाक्याला काही अर्थ लागत नाही. तेव्हा हे स्पष्टीकरण म्हणीचा इतिहास म्हणून टिकत नाही. पण विचार म्हणून त्याची किंमत मोठी आहे. कसे ते पाहू.

शास्त्राच्या प्रांतात नियम कोणी हुकूम काढून केलेले नसतात. निसर्गाकडे पाहून माणसांनी ते बांधलेले असतात. तेथे विरोधी उदाहरण निघाले तर करावयाचे काय? 1781 मध्ये विल्यम हर्शेलने युरेनस हा ग्रह शोधला. पुढे पाहता पाहता ध्यानात आले की, न्यूटनच्या नियमाने गणित करून जी जागा येते, तेथे हा ग्रह नेमका सापडत नाही. युरेनस हा नियमाला अपवाद ठरू लागला. 'अपवादाने नियम सिद्ध होतो' असे म्हणून ज्योतिषी स्वस्थ बसले असते, तर गोष्ट तेथेच संपली असती. ते बसले नाहीत. फ्रान्समध्ये लव्हेरिए आणि इंग्लंडमध्ये अ‍ॅडम्स यांनी गणित मांडले की, पलीकडे एखादा अज्ञात ग्रह युरेनसला ओढीत असला पाहिजे. 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले याने लव्हेरिएने सांगितलेल्या ठिकाणी दुर्बीण लावली, आणि एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला! अपवाद वाटत होता तो अपवाद नव्हताच. येथे नियम खरोखर बळकट झाला. परंतु झाला तो अपवादामुळे नव्हे, तर त्या अपवादाचा माग काढल्यामुळे.

गोष्टीचा उत्तरार्ध याहून बोधप्रद आहे. याच लव्हेरिएने 1859 मध्ये दाखवून दिले की, बुध ग्रहाची कक्षा न्यूटनच्या गणितापेक्षा किंचित जास्त सरकते. ही जास्तीची सरक पुढील मोजणीनुसार शंभर वर्षांत सुमारे 43 विकला, म्हणजे एका अंशाच्या ऐंशीव्या भागाइतकी भरते. लव्हेरिएने पुन्हा तोच उपाय योजला: सूर्याजवळ आणखी एखादे अज्ञात द्रव्य असावे. त्या कल्पित ग्रहाला 'व्हल्कन' असे नावही मिळाले. लोक वर्षानुवर्षे शोधीत राहिले; व्हल्कन काही सापडला नाही, कारण तो नव्हताच. नोव्हेंबर 1915 मध्ये आइन्स्टाइनने आपल्या नव्या गुरुत्वसिद्धांतातून नेमका तेवढाच आकडा काढून दाखविला. येथे अपवाद जिंकला आणि नियमाला मागे सरावे लागले. एकच माणूस, एकच पद्धत, दोन अपवाद. एकाने नियम राखला, दुसऱ्याने मोडला. कोणता अपवाद काय करील हे आधी सांगता येत नाही. त्याच्याकडे डोळे उघडून पाहिल्यावरच कळते. कॉनन डॉइलच्या 1890 च्या कादंबरीत शेरलॉक होम्स वॉटसनला बजावतो की, अपवादाने नियम खोटा ठरतो. हेर तो, सापडलेल्या एका पाऊलखुणेकडे 'अपवाद' म्हणून काणाडोळा करणे त्याला कसे परवडावे?

तेव्हा अपवाद दोन प्रकारचे आहेत, असे म्हणावयास हरकत नाही: एक केलेला आणि दुसरा सापडलेला. जो कोणी तरी अधिकाराने केलेला असतो, तो नियमाचा साक्षीदार. जो जगात सापडतो, तो नियमाला विचारलेला प्रश्न. म्हणीचा अधिकार फक्त पहिल्यावर चालतो. आपण रोजच्या बोलण्यात ती लावतो मात्र दुसऱ्याला, आणि चूक होते ती येथे.

कोणी म्हणेल, शब्दांचा एवढा कीस कशाला? बोलण्याच्या ओघात एखादी म्हण चुकली म्हणून काय बिघडते? आमच्या मते पुष्कळ बिघडते. कारण ही म्हण विहिरींविषयी वापरली जात नाही, माणसांविषयी वापरली जाते. एकोणिसाव्या शतकात स्त्रीच्या बुद्धीला उच्च शिक्षण पेलत नाही, असे मानणाऱ्यांची येथे काय, युरोपात काय, वाण नव्हती. 1886 मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन डॉक्टर झाल्या. त्यानंतर रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रोग्यांची सेवा केली. 'स्त्रियांना हे जमणार नाही' या नियमाला ही उत्तरे होती. परंतु हाताशी आपली म्हण असली, की प्रत्येक उत्तर 'अपवाद' म्हणून बाजूस ठेवता येते, आणि वर पुन्हा त्यानेच नियम सिद्ध झाला असे म्हणता येते.

असेच आजही घडताना आम्ही पाहतो. 'अमक्या जातीच्या मुलांना गणित येत नाही', 'तमक्या गावचा माणूस शब्द पाळीत नाही', 'सरकारी कचेरीत सगळेच हात ओले करून घेतात', असे नियम लोक सहज बांधतात. मग त्या जातीची एखादी मुलगी गणितात पहिली येते, त्या गावचा एखादा माणूस दिलेल्या शब्दाखातर नुकसान सोसतो, त्या कचेरीतला एखादा कारकून चहाचा पेलाही परक्याच्या पैशाने घेत नाही. त्यांची पाठ थोपटली जाते आणि म्हटले जाते, 'तुम्ही अपवाद हो!' ही स्तुती वाटते. पण तिच्या पोटात काय आहे ते पाहा. त्या मुलीने रात्री जागून मिळविलेले यश तिच्याच भावंडांविरुद्ध साक्षीला उभे केले जाते. ती जितकी पुढे जाईल तितका तिच्या लोकांविषयीचा ग्रह पक्का होणार! पराक्रम करूनही ज्याचा पराक्रम त्याच्या माणसांच्या कामी येत नाही, त्याच्यावर याहून मोठा अन्याय कोणता?

आपल्या भाषेत 'अपवाद' शब्दाला आणखीही एक अर्थ आहे. अपवाद म्हणजे निंदा, दूषण. 'लोकापवाद' या शब्दात तो आजही जिवंत आहे. एखाद्याला अपवाद म्हणून गौरविताना आपण त्याच्या सगळ्या गणगोताला दूषण तर देत नाही ना, याची आठवण आपलीच भाषा आपणांस करून देते.

म्हण टाकून द्यावी, असे आम्ही म्हणत नाही. वाचनालयाची पाटी वाचताना, करारपत्र तपासताना, कायद्याचे कलम लावताना ती खुशाल वापरावी. तेथे ती दोन हजार वर्षे चोख काम करीत आली आहे. एरवी मात्र ती ओठांवर आली, की बोलण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हा अपवाद केला कोणी? करणारा दाखविता आला, तर म्हण खरी. दाखविता आला नाही, तर समोर उभा आहे तो अपवाद नव्हे. आपला नियम चुकला असेल, असे सांगावयास आलेला तो पाहुणा आहे. त्याला दारातून परत न पाठविता बसावयास पाट द्यावा आणि त्याचे म्हणणे नीट ऐकून घ्यावे. युरेनसचे ऐकले तेव्हा नवा ग्रह मिळाला. बुधाचे ऐकले तेव्हा गुरुत्वाचा नवा सिद्धांत पटला. माणसांचे ऐकले तर निदान शेजारी तरी नव्याने कळेल.